काठावर उभी राहिलेली बहीण

मोशेची गोष्ट सांगताना आपण पेटीवरून थेट राजवाड्यात जातो. आईने तान्ह्या बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवलं, राजकन्येने त्याला उचललं, झालं. मधली एक मुलगी निसटते. बाळाचं काय होतं ते बघत दूर उभी राहिलेली त्याची बहीण. परंपरा तिला मिर्याम म्हणते. राजकन्येला कळवळा आलेला दिसताच ती पुढे होते, दाई बोलावू का म्हणून विचारते आणि बाळाच्या सख्ख्या आईलाच घेऊन येते. पोराला घर मिळतं आणि आईही तुटत नाही. बहिणीने लेकराला आसरा शोधून देण्याची बायबलमधली ही गोष्ट फार जुनी आहे. याच विषयावरच्या आजच्या ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना मी तिचीच मोजपट्टी हाताशी ठेवते.

या कादंबऱ्यांचं माहेर उत्तर अमेरिका. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात जन्मलेल्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली आली आणि श्रद्धा, संसार व माळरानावरचं कष्टाचं जगणं एकत्र गुंफणाऱ्या कथेला हक्काचा वाचक मिळाला. त्याच ओकबाईंनी लेक लॉरेल ओक लोगन हिच्यासोबत २०२० साली ‘अनयील्डिंग होप’ लिहिली. लहानपणी ताटातूट झालेल्या लिलियन आणि ग्रेस या बहिणी मोठेपणी एकमेकींना सापडतात आणि इंग्लंडहून कॅनडात आलेल्या निराधार मुलांना घरं शोधून देण्याचं काम अंगावर घेतात. जोडी हेडलंड यांच्या ‘टुगेदर फॉरेव्हर’ (२०१८) मधली मॅरिॲन न्यूयॉर्कहून पश्चिमेला जाणाऱ्या अनाथ मुलांच्या गाडीवर नोकरी करते. इतरांची लेकरं घरोघरी पोचवताना तिचे डोळे आपली हरवलेली धाकटी बहीण शोधत असतात. किम व्होगेल सॉयर यांच्या ‘माय हार्ट रिमेंबर्स’ (२००८) मध्ये याच गाड्यांनी तीन भावंडांना तीन दिशांना नेलं आहे.

या लेखनाचं बळ मला मनापासून मान्य आहे. आसरा देणं हा एका क्षणाचा उमाळा नसतो, रोजचं काम असतं, हे त्याला ठाऊक आहे. कुणाला कुठे निजवायचं, बिचकलेल्या पोराला जेवायला कसं बसवायचं, हे प्रश्न इथे कथेच्या मध्यभागी येतात. बायकांच्या ज्या कामाला इतिहासाच्या पुस्तकात ओळसुद्धा मिळत नाही, त्याला इथे नायिका मिळते. आणि मुख्य म्हणजे स्वतः पोरकेपण भोगलेलीच दुसऱ्याचं पोरकेपण ओळखते, ही या कथांची नस खरी आहे.

उणीव आहे ती दुसऱ्या बाजूला. ज्या दारातून मूल आत येतं ते दार या कादंबऱ्या जीव ओतून रंगवतात. ज्या दारातून ते बाहेर पडलं, त्याकडे मात्र पाठ असते.

इतिहास काय सांगतो? १८६९ मध्ये मराया राय यांनी इंग्लंडहून अशा निराधार मुलींची पहिली तुकडी कॅनडात नेली. पुढल्याच वर्षी लंडनमधल्या ॲनी मॅकफर्सन यांनी शंभर मुलगे नेले. त्यांच्या बहिणी रेचल मेरी आणि लुइझा बर्ट याही याच कामात होत्या. लुइझाबाई लिव्हरपूलचं आश्रयगृह चालवत. म्हणजे पोरक्या मुलांना घरं शोधणाऱ्या बहिणी कादंबरीच्या आधी खऱ्याखुऱ्या होऊन गेल्या. पुढे डॉ. बर्नार्डो यांची आणि इतर संस्था आल्या आणि सगळं मिळून एक लाखावर मुलं ब्रिटनहून कॅनडात गेली. अमेरिकेत १८५४ ते १९२९ या काळात दोन लाखांच्या आसपास मुलं रेल्वेने पश्चिमेकडे पाठवली गेली. यातली पुष्कळशी मुलं खरं तर अनाथ नव्हतीच. कुणाची आई विधवा होती, कुणाचा बाप बेकार, कुणाचं घर भाड्यापायी गेलेलं. दारिद्र्याने मूल सोडायला लावलं आणि कागदावर ते अनाथ झालं.

नेलेल्या मुलांवर पुढे देखरेख नसते, असा ठपका ॲन्ड्र्यू डॉयल या ब्रिटिश सरकारी निरीक्षकाने १८७५ च्या अहवालात ठेवला होता. अनेक शेतकऱ्यांना लेकरू नको होतं, राबायला हात हवे होते. माँटगोमेरीबाईंच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ (१९०८) मध्येही बहीणभावाला शेतीला हातभार लावणारा मुलगा हवा असतो, आणि बर्नार्डोकडचं पोर तर बहीण मरीला साफ नाकारते. त्या काळची अढी लेखिकेने झाकून ठेवलेली नाही.

बर्नार्डोच्या मुलांना जाताना एक लाकडी ट्रंक मिळे. तिच्यात कपडे, बायबल आणि जॉन बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’. त्या ट्रंकेसमोर मी वाचक म्हणून थबकते. आठ-दहा वर्षांच्या पोराला नव्या देशासाठी गरम कपडे दिले, यात माया आहे. प्रवासाचा अर्थ लावायला पुस्तक दिलं, यात श्रद्धा आहे. पण आईचं पत्र ठेवायला तिच्यात जागा होती का? कादंबरीने विचारायचा प्रश्न हा आहे. या प्रकारातली कादंबरी सहसा ट्रंक उघडते, कपडे वाळत घालते आणि पुढे जाते.

दुसरं मौन याहून जड आहे. कॅनडाच्या पश्चिमेत ज्या दशकांत या नायिका मुलांना घर देतात, त्याच दशकांत तिथल्या मूलनिवासी मुलांना घरातून उचलून चर्चच्या निवासी शाळांत घातलं जात होतं. त्या शाळांतून दीड लाख मुलं गेल्याचं सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये नोंदवलं. एकाच श्रद्धेच्या एका हाताने घर दिलं आणि दुसऱ्याने मोडलं. हे दोन्ही हात एका चौकटीत आणण्याचं धाडस या कथांत क्वचितच दिसतं. धर्मप्रचाराचा हेतू नसलेल्या ‘ऑर्फन ट्रेन’ (२०१३) मध्ये क्रिस्टिना बेकर क्लाइन आयरिश नीव्हची आधी डोरथी आणि मग व्हिव्हियन होताना दाखवतात. घर मिळवण्यासाठी मुलीला नाव मोजावं लागतं, हा हिशेब तिथे मांडलेला आहे.

श्रद्धावान लेखनाला हे जमणार नाही, असं मी म्हणणार नाही. उलट ते त्यालाच जमायला हवं, आणि याचा दाखला आपल्या घरात आहे. त्या ट्रंकेतलं बन्यनचं पुस्तक मराठीत १८४१ मध्येच हरि केशवजींच्या ‘यात्रिकक्रमणा’ने आलं होतं. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) प्रचाराच्या ओझ्याने जागोजागी वाकते, पण विधवा बोलू लागली की थांबते आणि पुरतं ऐकून घेते. उपाय सांगायच्या आधी दुःख ऐकायचं, हा तिचा गुण आज पुन्हा शिकण्याजोगा आहे.

आणि पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावलेली ही मुलगी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा घेऊन आली आणि केडगावला त्यांच्यासाठी ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. पोरकी झालेली आणि पोरक्यांना शोधायला निघालेली एकच बाई. केडगावची कादंबरी लिहायला बसणाऱ्याने पंगतीत बसलेल्या मुली जरूर रंगवाव्यात. पण त्यांच्यातल्या एकीने झोपेत कोणत्या बोलीत आईला हाक मारली, हेही कान देऊन ऐकावं.

मिर्यामचं मोठेपण राजवाडा शोधण्यात नव्हतं. बाळ राजकन्येच्या हातात सुखरूप पोचल्यावरही ती काठावरून हलली नाही, आणि मग आईला आणायला धावली. या कादंबऱ्यांच्या नायिका मुलाला नव्या दारापर्यंत सुखरूप आणतात. पुढच्या कादंबरीने तिथून मागे वळून त्या आईकडे जायला हवं.