भावी शिक्षक आणि वर्गातील तंत्रज्ञान : अनुकूल अभिवृत्तीपलीकडील प्रश्न
(जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भावी शिक्षकांची तंत्रज्ञानाविषयीची अभिवृत्ती हा शिक्षणशास्त्रीय संशोधनातील एक रुळलेला विषय आहे. त्याच्या प्रश्नावलीचा साचाही ठरून गेलेला आहे. ‘संगणकामुळे अध्यापन परिणामकारक होते’ अशा आशयाची विधाने द्यावयाची, ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच पर्याय ठेवावयाचे आणि प्राप्त गुणांवरून अभिवृत्ती अनुकूल असल्याचा निष्कर्ष काढावयाचा. या निष्कर्षात वावगे काही नाही. मात्र त्यातून फारसे काही हातीही लागत नाही. ज्या छात्राध्यापकाचे अंतर्गत गुण प्रश्नावली देणाऱ्या प्राध्यापकांच्याच हाती असतात, तो कोणत्या चौकटीत खूण करील हे आधीच सांगता येते. शिवाय विधान सर्वसाधारण असले की उत्तरही सर्वसाधारणच मिळते. वर्गातील निर्णय मात्र एका घटकापुरता, एका तासिकेपुरता आणि समोर बसलेल्या मुलांपुरता घ्यावा लागतो. तो घेण्याची तयारी म्हणजेच भावी शिक्षकाचे मत, अशी भूमिका घेऊन प्रस्तुत विवेचन केले आहे.

साधने आधी, प्रयोजन नंतर

भारतीय शाळांत साधने आली ती बहुतांशी वरून आली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत संगणक पोहोचले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून खडू-फळा योजना राबविली गेली. २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. यांतील प्रत्येक टप्प्यावर साधन आधी ठरले आणि ते कशासाठी वापरावयाचे हा विचार शिक्षकाने नंतर करावा, अशी अपेक्षा राहिली.

अमेरिकन शिक्षणअभ्यासक लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या शालेय वापराचा इतिहास तपासला. यंत्र न वापरणाऱ्या शिक्षकाला अज्ञानी किंवा हट्टी ठरविणे त्यांना मान्य नव्हते. वर्गातील मुलांची संख्या, वेळापत्रक, परीक्षा आणि शिस्त यांच्या मर्यादेत शिक्षक आपल्या कामाला उपयोगी पडेल तेवढेच स्वीकारतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. भावी शिक्षकाच्या नकारातही असा विचार असू शकतो. पाच पर्यायांच्या श्रेणीत मात्र त्याची नोंद केवळ ‘प्रतिकूल’ अशी होते.

‘चिकित्सक’ या शब्दाचे काय झाले?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यासोबतच्या आराखड्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या ‘चिकित्सक आकलना’चा स्वतंत्र समावेश आहे. या शीर्षकातील विशेषण महत्त्वाचे आहे. प्रात्यक्षिकाची परिणती सरकपट्ट्यांचे सादरीकरण आणि त्याची छापील प्रत जोडलेली फाईल यांतच झाली, तर आकलन कदाचित साधेल. चिकित्सा साधणार नाही.

वस्तुतः मराठी अध्यापक महाविद्यालयांना यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आशययुक्त अध्यापन पद्धतीची संकल्पना त्यांच्या परिचयाची आहे. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयाचे ज्ञान व अध्यापनाचे ज्ञान यांची सांगड घातली. २००६ मध्ये पुण्य मिश्रा व मॅथ्यू केलर यांनी तिला तंत्रज्ञानाची जोड दिली. साधनाची योग्यता आशय आणि पद्धती यांच्या संबंधातूनच ठरते, हे त्यांच्या मांडणीचे सार होय.

जालन्यातील वर्ग

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ५९ हजार होती आणि तिचा जवळपास चार पंचमांश भाग ग्रामीण होता. बियाणे उद्योगासाठी हे शहर प्रसिद्ध आहे. येथील बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्यात ‘बीजांकुरण’ हा घटक शिकविताना छात्राध्यापकाने थेट चलचित्र दाखविले, तर मूल्यमापनात ‘आधुनिक साधनाचा वापर’ या रकान्यात गुण मिळतील. परंतु ज्या मुलांच्या घरात पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासली जाते, त्यांच्यासाठी ओल्या फडक्यातील मूठभर मूग अधिक समर्थ साधन आहे. त्याच मुगाचे रोज एक छायाचित्र भ्रमणध्वनीवर टिपून आठवड्याअखेरीस ती छायाचित्रे क्रमाने पाहिली, तर तंत्रज्ञान निरीक्षणाची जागा न घेता त्याला पुढे नेते. याउलट रक्ताभिसरण किंवा ज्वालामुखीचा उद्रेक वर्गात आणता येत नाही. तेथे चलचित्राचा उपयोग निर्विवाद आहे. घटक बदलला की निर्णय बदलतो.

शाळेचे स्वरूपही निर्णायक ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. वाडी-तांड्यावरील अशा शाळेत एका इयत्तेला शिकविताना दुसरीला पडद्यासमोर बसविण्याचा मोह स्वाभाविक आहे. ती सोय आहे की अध्यापन, हे शिक्षकाला स्वतःशी ठरवावे लागते. बंजारा तांड्यावरील मुलाची घरची भाषा गोरबोली असते; पडद्यावरील प्रमाण मराठी त्याला पाठ्यपुस्तकातील मराठीइतकीच परकी वाटू शकते. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर दिवाळीनंतर गेलेले मूल हंगाम संपल्यावर परतते, तेव्हा त्याचा तुटलेला अभ्यास कोठून जोडावयाचा, हे शिक्षकाने त्याच्याशी बोलूनच कळते.

आक्षेपाचा विचार

या विवेचनातून ग्रामीण मुलांना तंत्रज्ञानाची आवश्यकता नाही असा अर्थ निघाला, तर तो त्यांच्यावर अन्याय ठरेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरात योग्य भ्रमणध्वनी नव्हता तेथील शिक्षण थांबल्याचे सर्वांनी पाहिले. ‘आमच्या मुलांना कशाला हवे?’ ही भाषा चिकित्सेची नसून वंचिततेवर पांघरूण घालणारी आहे.

या संदर्भात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी केलेले कार्य उद्बोधक आहे. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा चर्चा मुख्यतः क्यूआर कोडची झाली. त्यांनी पाठ्यपुस्तकांचा मजकूर मुलांच्या मातृभाषेत, म्हणजे कन्नडमध्ये, आणला होता, या बाबीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. मुलांची भाषिक अडचण ओळखली गेली म्हणूनच त्या कोडमागे ऐकण्या-पाहण्याजोगे काही होते. तांड्यावर रुजू होणाऱ्या भावी शिक्षकाने अनुकरण करावयाचे असेल तर ते अडचण ओळखण्याच्या या दृष्टीचे. गोरबोलीतील शब्द व गोष्टी मुलांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून त्यांवरून मराठी वाचनाकडे जाणे साध्या भ्रमणध्वनीनेही शक्य आहे.

समारोप

भावी शिक्षकाचे मत जाणून घ्यावयाचे असेल तर त्याचे पाठ टाचण वाचले पाहिजे. टाचणात तीन प्रश्नांना जागा असावी : या घटकासाठी हेच साधन का? ते नसते तर काय केले असते? ऐन वेळी वीज गेली तर पाठ कसा पुढे जाईल? सकारण नकार देणाऱ्या छात्राध्यापकालाही सकारण स्वीकार करणाऱ्याइतकेच गुण मिळाले, तर ‘चिकित्सक’ या विशेषणाला अर्थ प्राप्त होईल. आंतरवासितेच्या काळात अशी टाचणे जमा होत गेल्यास अभिवृत्तिमापनापेक्षा अधिक विश्वसनीय संशोधनसामग्रीही महाविद्यालयांच्या हाती येईल. हा बदल करण्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची खरेदी करावी लागत नाही; मार्गदर्शक प्राध्यापकांनी आपल्या मूल्यमापनाच्या निकषांचा फेरविचार करावा लागतो. तो झाला नाही, तर अनुकूल अभिवृत्तीचे उच्च गुण मिळविलेला शिक्षक तांड्यावरील शाळेत रुजू होईल आणि समोरच्या मुलाला पडद्यावरचे कळते आहे की नाही, हे त्याला उमगणार नाही.