‘वाटचाल’ आणि समतेचे माप

मराठी निबंधाच्या इतिहासात इरावती कर्वे ह्यांच्या ‘परिपूर्ती’ला (१९४९) जे स्थान दिले जाते ते बहुधा एका कारणासाठी : फडके-खांडेकरांच्या पिढीने गुजगोष्टींच्या सुरात बांधलेला लघुनिबंध त्यांनी त्या सुरातून सोडवला आणि त्याला चिंतनाची बैठक दिली. हे मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. चिंतनाची बैठक असलेले लेखन मराठीत त्यापूर्वीही होते. इरावतीबाईंनी निबंधात आणली ती निरीक्षकाची शिस्त; आणि ही शिस्त निरीक्षकालाच अडचणीत टाकू लागते तेव्हा काय होते, ह्याचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक नमुना म्हणजे ‘वाटचाल’ हा निबंध होय. दुर्दैव असे, की ह्या निबंधातील एकच वाक्य लोकांच्या तोंडी राहिले आहे. ज्या भूमीतील लोक पंढरीच्या वारीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, अशा आशयाची त्यांनी केलेली व्याख्या भाषणांतून, प्रस्तावनांतून आणि पाठ्यपुस्तकी विवेचनातून इतकी फिरली, की ती ज्या संदर्भात आली तो संदर्भ कोणी उघडून पाहीनासे झाले. व्याख्या गोड आहे. तिच्या आधीचा मजकूर तितका गोड नाही.

लेखिका ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून पंढरपूरपर्यंत पायी गेल्या. त्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. विणा एक, टाळ एक, अभंग एक, ऊन-पाऊसही एकच. मुक्कामावर मात्र चुली दोन आणि पंगती दोन. लेखिकेला हे रोज सलते. बरोबर चालणे, बरोबर गाणे आणि संतांचे तेच शब्द बरोबर उच्चारणे हे सारे केवळ परलोकातील ऐक्यासाठी आहे काय, आणि इहलोकी वेगळेपण जसेच्या तसे ठेवायचे आहे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. त्या तो मनाशी विचारतात, पुन्हा विचारतात, आणि उत्तर न मिळताच पुढचा मुक्काम येतो. निबंधाची खरी रचना ह्या पुन:पुन्हा येणाऱ्या प्रश्नाची आहे. वाटेवरच्या शेतांची, पावसाची आणि माणसांची वर्णने त्या प्रश्नाभोवती येतात. भक्तीच्या आल्हादाने भारलेला निबंध म्हणून ‘वाटचाल’ वाचणाऱ्या समीक्षेने आधार सोडून अलंकारच तेवढे उचलले, असे म्हणावे लागते.

हा प्रश्न भाबडा नाही, हे कळण्यासाठी लेखिकेचा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावा लागतो. समाजशास्त्राच्या पदवीनंतर, १९२८ साली, इरावतीबाई बर्लिनला गेल्या. तेथे मानववंश, आनुवंश आणि सुप्रजनन ह्यांच्या अभ्यासासाठी १९२७ मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांनी संशोधन केले. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच त्यांचे मार्गदर्शक. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि ही असमानता त्याच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, अशी फिशर ह्यांची धारणा होती. ती सिद्ध करण्याचे काम ह्या हिंदी विद्यार्थिनीकडे आले. संस्थेच्या संग्रहात युरोपीयांच्या कवट्या होत्या, तशाच जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्याही होत्या. त्या कोणत्या परिस्थितीत आणल्या गेल्या असतील, ह्याची कल्पना वसाहतींचा इतिहास जाणणाऱ्यास करता येते. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि निष्कर्ष लिहिला : कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. प्रमुखांचे गृहीत त्यांच्याच विद्यार्थिनीने, त्यांच्याच कपाटातील साधनांनी खोटे ठरवले. प्रबंधाला पदवी मिळाली, पण श्रेणी मिळाली ती अगदी खालची. पुढे १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्या संस्थेतील विद्येने कोणत्या राजवटीची सेवा केली, ते जगाने पाहिले.

तेव्हा ‘वाटचाल’मध्ये दोन चुलींकडे पाहणारी ही बाई मनुष्यामनुष्यांत जन्माने उच्चनीच नाही हे पुस्तकातून शिकलेली नव्हती, तिने ते मोजून पाहिले होते. मोजून सिद्ध केलेले तत्त्व घेऊन ती स्वत:च्या घरच्या वाटेवर आली, आणि तेथे त्या तत्त्वाला कोणी विरोध केला नाही. विरोध करण्याचे कारणच नव्हते. वारकऱ्यांना ते सातशे वर्षांपासून मान्यच होते.

ह्या निबंधातील बोच येथे आहे. बर्लिनमध्ये लढाई सरळ होती : एक असत्य होते, त्याला पुरावा देऊन पाडायचे होते. येथे पाडायला असत्यच सापडत नाही. सर्व माणसे देवाची, हे दिंडीतला प्रत्येक जण म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. ढोंगी माणसावर टीका करणे सोपे असते. ‘वाटचाल’मधील वारकरी ढोंगी नाहीत, आणि लेखिकेने त्यांना ढोंगी ठरवण्याचा मोह टाळला आहे. तत्त्व आणि व्यवहार ह्यांत येथे भांडणच नाही. दोघांनी एकमेकांची वेळ वाटून घेतली आहे : चालताना तत्त्व, जेवताना व्यवहार.

जात आणि वंश ह्यांचा संबंध हा त्या काळच्या विद्वानांचा वादविषय होता, आणि त्या वादात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले ह्यांनी नाकाच्या मापावरून जातींची प्रतवारी लावली होती. इरावतीबाईंचे गुरू गो. स. घुर्ये ह्यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात ती मापे पुन्हा तपासली, तेव्हा उत्तरेतील एका प्रदेशापलीकडे, आणि महाराष्ट्रात तर विशेषच, रिस्ले ह्यांचा नियम टिकत नाही असे दिसून आले. ह्याच मापांचा आधार घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही असे प्रतिपादन केले. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे तर ते १९३६ मध्येच सांगून चुकले होते. इरावतीबाईंनी स्वत: वि. म. दांडेकर ह्यांच्यासह महाराष्ट्रातील जातिसमूहांच्या शरीरमापांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध केला. ब्राह्मण ह्या एका नावाखाली येणाऱ्या पोटजाती शरीराने एका कुळीच्या नाहीत, हे त्यांच्या कामातून पुढे आले आणि रक्तशुद्धीच्या अभिमानाला त्याने चांगलाच धक्का दिला. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. कवटीचे माप निरर्थक ठरवणाऱ्या अभ्यासकाने मोजण्याची साधने खाली ठेवली नाहीत. जातीची मापे घेणे हे त्यांच्या शास्त्राचे काम राहिलेच. जातीला जीवशास्त्रीय आधार नाही हे सिद्ध करण्यासाठी माणसे आधी जातवार उभी करावी लागतात, हा त्या शास्त्राचा पेच होता. इरावतीबाईंनी तो कोठेही उघड बोलून दाखवलेला नसला, तरी ‘वाटचाल’ हा निबंध त्या पेचातून बाहेर पडण्याचा प्रयत्न आहे असे वाचता येते.

सिद्धान्त मान्य होणे आणि तो अंगी उतरणे ह्यांतील अंतर ज्या रस्त्याच्या नावातच दिसते असा एक रस्ता राजधानीत आहे. साहित्य अकादमीचे रवीन्द्र भवन १९६१ पासून मंडी हाऊसच्या ज्या चौकात उभे आहे, तेथून कोपर्निकस मार्ग निघतो. कोपर्निकसाचा ग्रंथ १५४३ चा. पृथ्वी फिरते हे आता शाळकरी पोरही जाणते, पण सूर्य उगवला असेच सर्व जण म्हणतात. भाषेतली ही सवय निरुपद्रवी आहे. दुसऱ्या काही सवयी तशा नसतात. वंशभेद-निर्मूलनाच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि वर्ण ह्यांच्या जोडीला ‘कूळ’ हा आधार समाविष्ट व्हावा, ही सूचना भारताचीच होती. पुढे २००१ साली डर्बनच्या परिषदेत दलितांचा प्रश्न त्या शब्दाखाली मांडला जाऊ लागताच, जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका भारत सरकारने घेतली. विधान खरे होते. घुर्ये, आंबेडकर, इरावतीबाई सर्वांनी ते सिद्ध केले होते. परंतु जे विधान आंबेडकरांनी जात उखडण्यासाठी केले, ते येथे चर्चेचे दार लावण्याच्या कामी आले. आणि ज्या शहरात ही भूमिका ठरली त्याच शहरात, २०१४ मध्ये, चेहरामोहरा आणि केस ह्यांवरून हिणवल्यानंतर झालेल्या मारहाणीपायी अरुणाचलातील एक तरुण विद्यार्थी प्राणास मुकला. सत्य विधानाचा उपयोग कोणत्या पंगतीत बसून केला जातो, हे पाहावे लागते ते ह्यासाठी.

हीच कसोटी ‘वाटचाल’लाही लावणे प्राप्त आहे, आणि तेथे निबंध पूर्णपणे उतरत नाही. दिंडीतील दोन गटांच्या वेगळेपणाविरुद्ध लेखिकेचा मुख्य युक्तिवाद असा, की दोन्हीकडचे लोक स्वच्छ आहेत, स्नान केल्यावाचून कोणी जेवत नाही. मग हा भेद कशासाठी? युक्तिवाद सहज पटणारा आहे, आणि म्हणूनच घातक. त्यात समतेची अट दडलेली आहे. स्नान करून जेवणाऱ्यांत भेद नसावा, असे म्हटले की ज्यांच्या गावी पाणवठाच बंद होता त्यांचे काय, हा प्रश्न निबंधाच्या बाहेर राहतो. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जे घडले ते स्नानाच्या आवडीनिवडीसाठी घडले नव्हते. ज्याला पाणीच शिवू दिले जात नाही त्याला स्वच्छतेच्या पुराव्यावर पंगतीत घेणे, हा न्याय नव्हे. बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी कवटीवरून माणसाची योग्यता ठरवण्यास नकार दिला होता. येथे त्यांनी, नकळत, दुसऱ्या एका मापाला मान्यता दिली.

ह्यावर असे म्हणता येईल, की त्या दिंडीत जे दोन गट होते त्यांच्याविषयीच लेखिकेने लिहिले. न पाहिलेल्याविषयी न लिहिणे हाच तर त्यांच्या शैलीचा गुण. हा बचाव काही अंशी मान्य करावा लागेल. परंतु ज्या पंढरपुराच्या वाटेवर हा निबंध चालतो, तेथील महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटनासमितीने दिल्लीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर केले, आणि पुढल्याच वर्षी ‘परिपूर्ती’ प्रसिद्ध झाले. वारीला जाणाऱ्यांची भूमी ती महाराष्ट्र, ही व्याख्या त्या वर्षी लिहिली गेली तेव्हा वारीला जाऊन दाराबाहेर थांबणाऱ्यांची आठवण फार जुनी झालेली नव्हती. आंबेडकरांचा १९४८ चा, नाकाच्या मापांची झाडाझडती घेणारा तोच ग्रंथ, ज्या तीन अस्पृश्य संतांना अर्पण केला आहे त्यांत चोखामेळा आहे. एकाच प्रश्नावर, एकाच शास्त्राच्या आधाराने, जवळजवळ एकाच काळी लिहिणारे हे दोन मराठी लेखक पंढरपूरच्या त्या पायरीवर कसे वेगवेगळ्या बाजूंनी येतात, ह्याचा विचार मराठी समीक्षेने आजवर पुरेसा केलेला नाही.

इरावतीबाईंची दृष्टी तेथेच थांबली असेही नव्हे. अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनाच्या दहनाचा त्यांनी लावलेला अर्थ आठवावा. पिढ्यान्पिढ्या पराक्रम म्हणून गाइलेल्या त्या प्रसंगात त्यांना दिसला तो जमिनीसाठी केलेला वनवासीयांचा संहार. कृष्णार्जुनांच्या थोरवीने त्यांचा हात थरथरला नाही. क्षत्रियांचा नीतिधर्म किती माणसांपुरता होता, हे विचारण्याचे धैर्य तेथे आहे. ‘वाटचाल’मध्ये ते अर्ध्या वाटेवर आहे. तथापि ‘युगान्त’मधील न्यायनिवाडा मृतांचा आहे. ‘वाटचाल’मधील माणसे जिवंत आहेत, शेजारी चालत आहेत, आणि लेखिका त्यांच्यापैकी एका चुलीची आहे. म्हणून तो निबंध अधिक अवघड, आणि अपुरा असूनही अधिक मोलाचा.

ह्या अपुरेपणातच त्याचा उत्कर्षबिंदू आहे. लेखिका एके दिवशी मराठा बायकांबरोबर जेवायला बसतात. त्यावर भाष्य नाही, सुधारणेचा आव नाही. त्यानंतर काय बदलले, एवढेच सांगितले आहे. बायका जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, आपल्या संसाराच्या गोष्टी सांगू लागल्या, आणि अखेरीस ‘ताई’ म्हणू लागल्या. इतके दिवस बरोबर गाऊन जे झाले नव्हते ते एका जेवणाने झाले. मोजणाऱ्या शास्त्रज्ञाने आयुष्यभर माणसांना हात लावला तो उपकरण घेऊन. येथे मोजले जाणाऱ्यांनी तिचा हात धरला आहे. शैलीच्या दृष्टीने पाहिले तर निबंधातील प्रश्नार्थक वाक्ये ह्या ठिकाणी थांबतात, आणि लेखिका काही काळ केवळ ऐकत राहते. ती पंगत मराठा बायकांची होती. चोखोबाच्या लेकींबरोबरच्या पंगतीचे वर्णन त्या निबंधात नाही. ते मराठीत यायला आणखी काही वर्षे जावी लागली, आणि आले तेव्हा ते पंगतीला बोलावणाऱ्यांनी लिहिलेले नव्हते.