सोहळ्याला निधी, खेळाला उपेक्षा : भारतीय मोटारशर्यतींच्या अर्थकारणाची एक चिकित्सा

भारतात मोटारशर्यतींचा खेळ का रुजला नाही, या प्रश्नाला सहसा एकच उत्तर दिले जाते : पैसा नाही. क्रिकेटने सारे प्रायोजक ओढून घेतले आणि शासनाने श्रीमंतांचा छंद म्हणून या खेळाकडे पाठ फिरवली, अशी ही मांडणी असते. तीत तथ्य आहे. परंतु २०११ पासूनचा घटनाक्रम पाहता ती अपुरी ठरते. या काळात मोटारशर्यतींकडे खाजगी आणि सार्वजनिक असा दोन्ही प्रकारचा पैसा आला, आणि काही वेळा तो विपुल होता. तो कोणत्या वाटेने आला व कोणाच्या हाती गेला, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो.

ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट हे यातील सर्वांत बोलके उदाहरण होय. जेपी समूहाने उभारलेल्या ५.१२५ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०१३ मध्ये तिसरी झाली आणि तेथेच हा अध्याय संपला. या अपयशाचे खापर बहुधा करपद्धतीवर व नोकरशाहीवर फोडले जाते. त्यापेक्षा महत्त्वाची माहिती सर्वोच्च न्यायालयाच्या २४ एप्रिल २०१७ च्या निर्णयात आढळते. हा निर्णय आयकरासंबंधी होता. शर्यतीपुरते हे सर्किट म्हणजे फॉर्म्युला वनच्या हक्कधारक विदेशी कंपनीची भारतातील स्थायी आस्थापनाच होय, असे न्यायालयाने ठरविले. त्या ओघात करारांची जी छाननी झाली, ती क्रीडा-अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मुळातून वाचण्याजोगी आहे. शर्यत भरविण्याच्या हक्कापोटी भारतीय आयोजकाने चार कोटी डॉलर द्यावयाचे होते. मात्र प्रमुख प्रायोजकत्व, प्रक्षेपण आणि पॅडॉकमधील आतिथ्य यांचे हक्क वेगळ्या करारांन्वये त्याच विदेशी समूहाच्या संलग्न कंपन्यांकडे गेले होते. म्हणजे तिन्ही वर्षे शर्यतीच्या नावात ‘एअरटेल’ झळकले, तरी त्या प्रायोजकत्वाचा लाभ सर्किट बांधणाऱ्याला होण्याची सोय नव्हती. त्याच्या वाट्याला मुख्यतः तिकिटविक्री उरली. प्रायोजक मिळूनही खेळ का वाढत नाही, याचे उत्तर या करारांत आहे.

शासनाची भूमिका या काळात संदिग्ध राहिली. परदेशी द्यावयाच्या शुल्काचा प्रश्न आला तेव्हा, २००९ मध्ये, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वनला खेळ मानण्यास नकार दिला. ती व्यावसायिक करमणूक आहे, असे मंत्रालयाचे मत पडले. उत्तर प्रदेश शासनाने मात्र तिला करमणूक कर माफ केला. जी केंद्राच्या लेखी करमणूक, तिच्यावर राज्यात करमणूक कर नाही! या सवलतीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिकिटांच्या उत्पन्नातील पंचवीस टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. पुढे २०१९ मध्ये रॅलीचालक गौरव गिल यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला. मोटारशर्यतीतील खेळाडूला मिळालेला हा पहिलाच अर्जुन पुरस्कार. सन्मानापुरता हा खेळ ठरला. निधीच्या बाबतीत मात्र तसे घडल्याचे दिसत नाही.

संघाच्या पातळीवरील भारतीय पैशाची कथाही निराळी नाही. विजय मल्ल्या यांनी २००७ मध्ये विकत घेतलेल्या संघाचे नाव ‘फोर्स इंडिया’ ठेवले आणि २०११ मध्ये सहारा समूहाने त्यात दहा कोटी डॉलर गुंतविले. संघ इंग्लंडमध्ये, अभियंते तेथील, आणि २००८ ते २०१८ या काळात एकाही भारतीय चालकाने त्याच्या मोटारीतून शर्यत केली नाही. ग्रेटर नोएडाच्या पहिल्या दोन शर्यतींत उतरलेला एकमेव भारतीय, नारायण कार्तिकेयन, हिस्पानिया या स्पॅनिश संघाकडून धावला. तिसऱ्या शर्यतीत तर भारतीय चालकच नव्हता.

अलीकडे खाजगी प्रायोजकाची जागा शासनच घेऊ लागले आहे, आणि ही बाब अधिक गंभीर आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेन सागराच्या काठी विद्युत मोटारींची ‘फॉर्म्युला ई’ शर्यत झाली. पुढील वर्षीच्या शर्यतीतून खाजगी प्रवर्तकाने अंग काढून घेतल्यावर महानगर विकास प्राधिकरणाने सुमारे ५५ कोटी रुपये भरले. जानेवारी २०२४ मध्ये ती शर्यतच रद्द झाली. या व्यवहारावर डिसेंबर २०२४ मध्ये गुन्हा नोंदविला गेला. त्यातील दोषादोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. धोरणाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट एवढीच की, व्यापाऱ्याने तोट्याचा म्हणून सोडलेला व्यवहार नगरनियोजनाच्या संस्थेने पत्करला. चेन्नईत ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला फोर शर्यत झाली. शासनाने खर्च केलेले ४२ कोटी रुपये खाजगी आयोजकाने परत करावेत, अशी अट मद्रास उच्च न्यायालयाने घातली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती पुढे रद्द केली. या शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा कायमस्वरूपी ट्रॅक आहे. शहरातील अडथळे शर्यत संपताच उचलले गेले. तेवढा निधी त्या ट्रॅकवर किंवा किशोरांच्या कार्टिंगवर खर्च झाला असता, तर त्याचा उपयोग अनेक हंगाम झाला असता, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपीची प्रमुख प्रायोजक इंडियन ऑइल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी होती. प्रायोजकत्व कोठे संपते आणि सार्वजनिक निधी कोठे सुरू होतो, ही सीमारेषाच येथे पुसट होते. २०२४ ची शर्यत झाली नाही. २०२५ च्या वेळापत्रकातही भारत नव्हता.

याउलट, गाजावाजा न करता टिकलेला पैसा दक्षिणेत सापडतो. शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरविणाऱ्या क्लबने १९९० मध्ये स्वतःचा ट्रॅक सुरू केला. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीच्या इंजिनावर स्वस्त एकआसनी मोटारी तयार केल्या. कार्तिकेयन याच शाळेतून पुढे आले. एमआरएफ, जेके टायर आणि टीव्हीएस यांनी वर्षानुवर्षे राष्ट्रीय स्पर्धांना आधार दिला. हे औदार्य नव्हे. टायर विकणाऱ्याला टायर झिजविणारी स्पर्धा हवीच असते, आणि एकाच कंपनीवर बेतलेली स्पर्धा त्या कंपनीच्या मर्जीवर चालते, हा तिचा दोषही आहे. तथापि या प्रायोजकांचे हित दरवर्षी शर्यत होण्यात गुंतलेले असल्याने त्यांचा पैसा खेळातच फिरत राहिला.

सार्वजनिक निधी नेहमी वायाच जातो, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. मलेशियाने १९९९ मध्ये शासकीय पैशातून सेपांग सर्किट उभारले, पेट्रोनास या सरकारी कंपनीने प्रायोजकत्व दिले, आणि परतावा पुरेसा नाही असे दिसताच २०१७ नंतर फॉर्म्युला वन सोडली. सर्किट सार्वजनिक मालकीचे असल्याने ते मागे राहिले. मोटोजीपी तेथे आजही होते. ग्रेटर नोएडात मात्र ज्या जमिनीवर सर्किट उभे आहे, तिचे वाटप थकबाकीपोटी यमुना द्रुतगती मार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये रद्द केले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. देशातील वाहन उद्योगाचा मोठा भाग पुणे परिसरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शासकीय क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगसाठी मातीचा मार्ग रचला गेला, तोही स्पर्धेपुरताच. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या गुणवत्ताशोधातून निवडला गेला. त्याचे पुढील शिक्षण युरोपातील मार्गांवर झाले, आणि फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकूनही त्याला फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. त्याच वर्षी त्या संघात सहाराचे दहा कोटी डॉलर आले होते.