एका न पाहिलेल्या बोटीविषयी

मूळ ग्रंथ न वाचता त्यावर बेधडक समीक्षा लिहिणारे आपल्याकडे थोडे नाहीत, आणि त्यांच्याविषयी मी आजवर पुष्कळ वाकडे बोललो आहे. आज मात्र मला त्यांच्याच पंगतीला पाट मांडून बसायचे आहे. ज्या बोटीविषयी मी लिहिणार आहे तिच्यावर मी कधी पाऊल ठेवलेले नाही. ती पाण्यावर असताना मी तिला दुरूनसुद्धा पाहिलेले नाही. तरी गेली साठ वर्षे मी तिचा भक्त आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेल्या ज्या वाचकांना भक्ताने केलेली समीक्षा चालत नसेल, त्यांनी खुशाल पुढच्या पानावरच्या कथेकडे वळावे. मी रागावणार नाही.

बोटीचे नाव ‘फ्रान्स’. पुढे ते ‘नॉर्वे’ झाले, आणि अगदी शेवटी, मरणाच्या दारात, ‘ब्ल्यू लेडी’. एकाच बाईला तीन सासरे मिळावीत तसा हा प्रकार आहे.

माझी तिची ओळख करून दिली ती भाऊमामांनी. ते मालवाहू बोटींच्या इंजिनघरात तेलवाले होते. 1964 साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी ल आव्र बंदरातून एक रंगीत कार्ड आणले होते. काळे अंग, त्यावर पांढरे मजले, आणि माथ्यावर दोन लालभडक धुरांडी. या धुरांड्यांना दोन्ही बाजूंनी पंख होते. मी तेव्हा आठ वर्षांचा. बोटीला पंख असू शकतात हे कळल्यावर मुलाची जी अवस्था व्हावी ती माझी झाली.

“मामा, तुम्ही हिच्यावर चढलात?”

“नाय रे बाबा. आमची बोट पलीकडच्या धक्क्याला. बघितली मात्र दोन दिवस पोटभर.” मग त्यांनी कार्ड हातात घेतले, खिडक्यांच्या ओळी न्याहाळल्या आणि अंगठ्याचे काळे नख पाण्याच्या रेषेखाली टेकवले. “आमच्यासारखे हितं असतात. ह्या चित्रात ते नाय यायचे.”

मला ते तेव्हा समजले नाही. मी पंख पाहत होतो.

प्रथम त्या पंखांविषयीच बोलू, कारण बोटीच्या सौंदर्याची किल्ली मला तिथे सापडते. ते शोभेसाठी नव्हते. धूर आणि काजळी डेकांवर न बसता बाजूंना दूर फेकली जावी, म्हणून ती योजना. सबंध बोटच अशी आहे. 1957 साली फ्रान्समधल्या सॅं-नाझेरच्या गोदीत तिचे काम सुरू झाले. 11 मे 1960 रोजी अध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते ती पाण्यात उतरली. 1962 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीला निघाली. लांबी 1,035 फूट, म्हणजे मैलाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ही लांबी, तो निमुळता पुढचा भाग, पाण्याला कापत जाणारी ती नाळ हे सारे भर हिवाळ्यातल्या अटलांटिकमधून ताशी तीस नॉटच्या वेगाने जाता यावे म्हणून घडलेले होते. सुंदर दिसावे म्हणून कुणी एखादी रेषा ओढली असेल तर ती मला तरी सापडलेली नाही.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. ते त्यांनी आगबोटीला लावले नव्हते. पण लावून पाहायला काय हरकत आहे? अंगाचा लांबच लांब बाक आणि त्याला धरून वर चढत गेलेले मजले, हा संवाद. या आडव्या वाहत्या रेषांना छेदून एकदम उभी ठाकलेली, आणि पुन्हा पंख पसरून आडवी होऊ पाहणारी धुरांडी, हा विरोध. आणि ती दोन धुरांडी एकमेकांपासून इतक्या नेमक्या अंतरावर, की एक जरा पुढे सरकवले तर बोट नाकावर आपटेल आणि मागे सरकवले तर बसकण मारील असे वाटावे, हा समतोल. लहानपणी मी त्या कार्डावर पट्टी ठेवून हे अंतर मोजले होते. वडिलांना वाटले, मुलगा इंजिनियर होणार. मुलगा पुढे आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवीत बसला.

या बोटीच्या जन्मात एक शोकांतिका दडलेली होती. तिचा सांगाडा गोदीत उभा होता तेव्हाच, 1958 च्या ऑक्टोबरात, प्रवासी जेट विमानांनी अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली. पाच दिवसांचे अंतर काही तासांवर आले. म्हणजे ज्या कामासाठी ही बोट घडत होती ते काम ती पाण्यात उतरण्याआधीच संपत आले होते. शुद्ध राजमुद्रेचा दस्तऐवज हाती यावा, आणि राज्यच खालसा झालेले असावे! फ्रेंच सरकारने तरी ती हट्टाने चालविली. 1962 च्या डिसेंबरात ‘मोनालिसा’ अमेरिकेत दाखवायला न्यायची होती, ती हिच्याच एका केबिनीतून गेली. ‘शाम्बोर’ नावाचे पहिल्या वर्गाचे गोल जेवणघर होते. बायका संध्याकाळी जिन्यावरून त्यात उतरत, आणि प्रत्येकीला घटकाभर राणी झाल्यासारखे वाटत असे म्हणतात. 1972 साली तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पनामाच्या कालव्यात ती मावत नव्हती आणि सुवेझ तेव्हा बंद होता, म्हणून थेट हॉर्नच्या भूशिराला वळसा घालून गेली. पण हिशेबाच्या वहीत दरवर्षी तूट. 1973 साली तेल भडकले आणि सरकारने हात आखडता घेतला. 1974 च्या सप्टेंबरात, शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीवरून परतताना, खलाशांनीच ल आव्रच्या तोंडाशी ती अडवून धरली. संप फसला. मग पाच वर्षे ती एका आडबाजूच्या धक्क्याला बांधून पडली. त्या जागेला लोक ‘विस्मृतीचा धक्का’ म्हणू लागले.

बहुतेक भक्तांची पोथी इथे मिटते. पुढचे सारे त्यांना विटंबना वाटते. 1979 साली एका नॉर्वेजियन मालकाने ती विकत घेतली, जर्मनीत नेऊन तिचे रूप पालटले, आणि 1980 पासून ती मायामीहून कॅरिबियन बेटांच्या आठवडाभराच्या सहली करू लागली. पुढचे इंजिनघर बंद झाले, चार मळसूत्री पंख्यांपैकी दोन उतरले, काळे अंग निळे झाले. थंडी-वाऱ्यासाठी काचेने बंद केलेल्या फिरायच्या सज्जांना रस्त्यांची नावे देऊन तिथे दुकाने मांडली. लहान बेटांच्या बंदरांत शिरता येईना, तेव्हा पुढच्या डेकवर दोन मोठ्या पडावांना जागा दिली. बोट बाहेर नांगरायची आणि माणसे पडावांतून किनाऱ्यावर. आपल्या कोकणच्या बोटींतून खाडीत उतरलेल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही.

माझे इथे इतर भक्तांशी पटत नाही. ‘फ्रान्स’ म्हणून ती बारा वर्षे चालली, ‘नॉर्वे’ म्हणून तेवीस. तेवीस वर्षांच्या संसाराला विटंबना म्हणणे हा शुद्ध उद्धटपणा आहे. ज्यांना मोनालिसाच्या शेजारची केबिन कधी परवडली नसती अशी दुकानदार, मास्तर, पेन्शनीत निघालेली जोडपी तिच्यावर आठवडाभर ऊन खात पडली. कुठेही पोचायची घाई नसलेल्या माणसांसाठी ती संथ चालली. हे एका वेगवान बोटीला कमीपणाचे वाटले असेल. मला वाटत नाही.

मात्र घाटाचा प्रश्न उरतो, आणि समीक्षकाने तो टाळू नये. वेगासाठी घडलेल्या अंगाला वेगाचे प्रयोजन राहिले नाही, की घाट आणि आशय यांची फारकत होते. मग घाटाचा मान कोण राखणार? 1990 साली मालकांनी जास्तीच्या केबिनींसाठी तिच्या माथ्यावर दोन मजले चढवले. त्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. पंखांची धुरांडी त्या मजल्यांत कमरेपर्यंत रुतल्यासारखी दिसतात. चांगल्या कादंबरीला प्रकाशकाच्या आग्रहाखातर दोन प्रकरणे जोडावीत, आणि तीही मध्येच, तसे ते झाले आहे. तिथे मी भक्त असूनही बोट ठेवतो.

आणखी एक आरोप तिच्यावरच ठेवावा लागतो. दोन हजार माणसे घेऊन जाणारी अवाढव्य बोट केवळ सहलीवर चालवता येते, आणि बोट हेच सहलीचे ठिकाण होऊ शकते, हे तिने सिद्ध केले. ते पाहून इतरांनी तिच्याहून मोठ्या बोटी बांधल्या, आणि आज त्यांच्या नातवंडांचे राज्य आहे. हल्ली आपली मुले-सुना मुंबई बंदरातून दोन-तीन रात्रींच्या क्रूझवर जातात आणि फोनवर फोटो पाठवतात. ते पाहिले की मला गृहनिर्माण संस्थेची आठवण होते. गच्च्यांवर गच्च्या, त्यांवर पाण्याच्या घसरगुंड्या. या बोटी आतून बाहेर रचलेल्या असतात. आधी खोल्या मांडायच्या आणि मग त्यांना कवच घालायचे. त्यात सोय आहे, हे मी नाकारीत नाही. माझी सून म्हणते, “बाबा, आम्हाला आत राहायचं असतं, बाहेरून कोण बघतो?” ती बरोबर बोलते. पण जे बाहेरून पाहतात, धक्क्यावरून, पुलावरून, शेजारच्या मालवाहू बोटीच्या कठड्यावरून, त्यांनाही बोट काही देणे लागते, अशी माझी जुनी समजूत आहे. ही लेकरे ‘नॉर्वे’चीच, तिचा रुबाब मात्र कुणी उचलला नाही.

आता भाऊमामांच्या नखाकडे यायला हवे. ते मी इतका वेळ टाळत होतो.

25 मे 2003 च्या सकाळी ‘नॉर्वे’ मायामीच्या धक्क्याला लागली होती. प्रवासी उतरायच्या तयारीत. तेवढ्यात खाली एक बॉयलर फुटला. आठ कामगार गेले. प्रवाशांपैकी कुणी नाही. बॉयलर बोटीच्या जन्मापासूनचा होता. अमेरिकेच्या सरकारी चौकशी मंडळाने 2007 साली ठरवले की, बॉयलर चालवण्यात, त्याच्या निगराणीत आणि तपासणीत कसूर झाली होती. धातू झिजत आणि तडकत गेला होता.

त्या दिवशी मी जुने कार्ड काढून बसलो. चाळीस वर्षे मी या बोटीवरची पुस्तके, चित्रे, आराखडे मिळतील तेथून जमवले. या वाङ्मयात शाम्बोर जेवणघराच्या जिन्यावर पानेच्या पाने आहेत. कोणत्या पायरीवरून झगा कसा दिसे, इथपर्यंत. बॉयलरखान्यावर मिळतात त्या ओळी दाबाच्या आणि अश्वशक्तीच्या. तिथे उभ्या असलेल्या माणसाला किती उकडत होते ते कुणी लिहीत नाही. मी तरी कुठे विचारले? मामा माझ्यासमोर वर्षानुवर्षे बसून चहा पीत, आणि मी त्यांना धुरांड्यांविषयी प्रश्न विचारी. ते 1988 साली गेले. घाटाच्या मी एवढ्या गप्पा मारल्या. पण ज्या धुरासाठी ते पंख होते तो धूर जिथून निघे, तो मजला मी माझ्या समीक्षेतून सरळ वगळला होता. अर्धे पुस्तक वाचून मी त्याला निर्दोष म्हणत होतो.

बोट पुन्हा चालली नाही. ओढत तिला जर्मनीला, मग मलेशियाला नेले, आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये ती आपल्या अलंगच्या वाळूवर येऊन बसली. त्याच वर्षाच्या आरंभी फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू युद्धनौका अलंगच्या वाटेवर असताना, तिच्या पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून गदारोळ झाला आणि अध्यक्ष शिराक यांनी ती माघारी बोलावली. ‘फ्रान्स’ नाव घेऊन जन्मलेल्या बोटीला मात्र कुणी माघारी बोलावले नाही. तिच्याही भिंतींत ॲस्बेस्टॉस होताच. पर्यावरणवाल्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात वर्षभर चालला, आणि 2007 च्या सप्टेंबरात तोडायला परवानगी मिळाली. परदेशातले भक्त हळहळत होते, की एवढ्या सुंदर बोटीचा असा अंत! मीही हळहळलो. पण तोंडाला फडके बांधून तो पत्रा कापायला जाणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाची हळहळ त्या पत्रांतून फारशी दिसली नाही.

2008 च्या मार्चमध्ये पालिताण्याला जायचे निमित्त करून मी पत्नीसह भावनगरला उतरलो आणि तिथून गाडी करून अलंगला गेलो. आत परक्याला सोडत नाहीत. भिंतीपलीकडे निळ्या रंगाचा एक उंच तुकडा दिसला. ड्रायव्हर म्हणाला, हीच ती. निळ्या रंगाच्या बोटी जगात पुष्कळ असतात. मी काही बोललो नाही. पत्नी म्हणाली, “एवढ्यासाठी आपण आलो?” मग माझ्या तोंडाकडे पाहून तीही गप्प राहिली.

परतीच्या रस्त्यावर दुतर्फा दुकाने आहेत. तुटलेल्या बोटींतले पलंग, आरसे, कपाटे, जीवरक्षक जाकिटे, काचसामान, सगळे तिथे ढिगाने विकायला असते. त्या वर्षी प्रत्येक दुकानदाराची प्रत्येक वस्तू ‘ब्ल्यू लेडी’ची होती. नाव कोरलेल्या थाळ्यांचे भाव ऐकून आम्ही मागे सरलो. कोपऱ्यात जाड पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे एकात एक घालून ठेवले होते. त्यांच्यावर ना नाव, ना नक्षी. दुकानदार म्हणाला, “वो छोड़ दो साहब, वो स्टाफ का है.”

मी दोन घेतले. ते त्याच बोटीचे होते की नाही, देव जाणे. एक प्रवासात फुटला. दुसऱ्यात आमच्याकडे दर दिवाळीला शंकरपाळे असतात. त्याच्या काठाला एक टवका उडालेला आहे, तो आमच्या घरातला नाही.