‘किन-द्झा-द्झा!’ : एका शब्दाच्या ग्रहावरील भाषाव्यवहार

सोव्हिएत काळातील वैज्ञानिक कल्पितपटांची चर्चा निघाली की ती बहुधा तारकोव्स्कीच्या ‘सोलारिस’ (१९७२) व ‘स्टॉकर’ (१९७९) यांपाशी येऊन थांबते. गिओर्गी दानेलिया यांनी मॉसफिल्मसाठी दिग्दर्शित केलेला ‘किन-द्झा-द्झा!’ (१९८६) हा चित्रपट रशियन प्रेक्षकांच्या नित्याच्या बोलण्यात मुरला. बाहेरच्या समीक्षेने मात्र त्याची दखल अभावानेच घेतली. या उपेक्षेचे एक प्रमुख कारण त्याच्या भाषेत आहे आणि त्याच्या कलात्मक प्रेरणाही तेथेच शोधावयास हव्यात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कथानक थोडक्यात असे. मॉस्कोतील बांधकामावरचा एक फोरमन व एक जॉर्जियन विद्यार्थी यांची रस्त्यात एका अनवाणी अनोळखी माणसाशी गाठ पडते. त्याच्या हातातील यंत्राची कळ दाबली जाताच दोघे प्लूक नामक वाळवंटी ग्रहावर जाऊन पडतात. तेथे आगपेटीतील काडी हे मोलाचे धन होय. चातलानी व पात्साक हे दोन वर्ग दिसण्यावरून ओळखू येत नाहीत. लहानशा यंत्रातील दिव्याचा रंग तो भेद ठरवितो. पात्साकाने नाकात घंटी अडकवावयाची. आणि कोणी कोणापुढे किती वाकावयाचे, हे विजारीच्या रंगावर अवलंबून.

चित्रपटाच्या मध्यावर या ग्रहाचा छोटा शब्दकोशच पडद्यावर येतो. ‘क्यू’ ही समाजात चालणारी शिवी. ‘कू’ म्हणजे उरलेले सर्व शब्द. या सरसकट ‘कू’मधून वगळलेल्या वस्तू मोजक्याच आहेत : काडी, नाकातील घंटी, कैद्यांची पेटी, सत्तेचा प्रतिनिधी, यान व त्याचे सुटे भाग. धन, अपमान, शिक्षा, सत्ता व यंत्र यांनाच तेवढी नावे उरली आहेत. प्लूकवासी मनातील विचार वाचू शकतात. त्यामुळे आशय पोचविण्याचे काम भाषेकडे राहिलेलेच नाही. आशयापेक्षा संबंध राखण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे मालिनोव्स्कीने १९२३ साली लक्ष वेधले होते. येथे त्या संबंधातील स्नेह गळून केवळ उतरंड उरली आहे. शब्दसंग्रहाचे हे दारिद्र्य बुद्धीचे नव्हे, समाजरचनेचे आहे.

आता प्रेरणांकडे वळू. ग्रहयात्रेतून स्वसमाजाचा उपहास करण्याची रीत स्विफ्टच्या परंपरेतील आहे. शब्द उलटा करून नाव घडविण्याची युक्ती बटलरच्या ‘एरेव्हॉन’मध्ये (१८७२) आढळते, येथेही ‘एत्सिलोप’ हा अधिकारी म्हणजे उलट वाचलेला ‘पोलिस’, आणि ‘पात्साक’ उलटविला की रशियनांना हिणविणारा ‘कात्साप’ हा शब्द हाती येतो. परंतु अधिक खोल प्रेरणा जॉर्जियन आहे. दानेलिया, सहलेखक रेवाझ गाब्रियाद्झे व संगीतकार गिया कांचेली हे तिघेही जॉर्जियन. ‘पेपेलात्स’ या गंजक्या यानाच्या नावात जॉर्जियन श्रोत्यास ‘पेपेला’, म्हणजे फुलपाखरू, ऐकू येते. कैद्यांच्या ‘एत्सिख’ पेटीत ‘त्सिखे’, म्हणजे किल्ला किंवा तुरुंग. गाब्रियाद्झे यांनी १९८१ साली तिबिलिसीत बाहुली-नाट्यगृह स्थापिले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे पात्रांच्या ठरीव, यांत्रिक अभिवादनांचे मूळही कळू लागते.

चित्रपट निर्दोष आहे असे नाही. उत्तरार्धात फसवणूक व सुटका यांची आवर्तने लांबतात. आणि मने वाचता येत असताना लबाडी कशी साधते, याचा खुलासा समाधानकारक होत नाही.

तथापि मुख्य मुद्दा निराळा आहे. अनुवादित तळओळींत ‘पेपेलात्स’ हा केवळ चमत्कारिक ध्वनी उरतो. फुलपाखरू उडून जाते आणि गंजके लोखंड मागे राहते. रशियन व जॉर्जियन या दोन भाषांच्या सीमेवर जगणाऱ्या कलावंतांनी वरिष्ठ-कनिष्ठतेचा जो अनुभव शब्दांत लपविला, तो अशा प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही. परभाषेतील चित्रपटाचे मूल्यमापन तळओळींच्या आधारे करणाऱ्या अभ्यासकाने आपण नेमके काय ऐकले नाही, हे प्रथम स्वतःस विचारावे.