पाणी संपलेल्या जगात रांग का नाही?

व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळत असत त्या काळात इंग्रजी चित्रपट आम्ही नावावरून नव्हे, कव्हरवरून निवडत असू. मोटारसायकल, जळते शहर आणि चामड्याचे कपडे घातलेला माणूस, एवढे असले की पुरे. मामूंच्या घरी भाड्याचा व्हीसीआर यायचा. मुले पुढे, आम्ही मुली मागे. एका चित्रपटात ओसाड मुलखात एका मुलाचा हात उखडला जातो आणि तो यांत्रिक निघतो. ते दृश्य मला कित्येक वर्षे पुरले. अलीकडे तो चित्रपट पुन्हा सापडला तेव्हा नाव कळले : ‘एक्सटर्मिनेटर्स ऑफ द इयर ३०००’. इटलीचा, १९८३ सालचा, दिग्दर्शक ज्युलियानो कार्निमेओ. मग त्याच जातीचे आणखी काही पाहिले.

या साऱ्यांचा बाप एकच. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज मिलरने ‘मॅड मॅक्स २’ काढला. जग कोसळले आहे, पेट्रोल दुर्मीळ झाले आहे आणि त्यासाठी टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या आहेत. तो चालला आणि इटलीत, फिलिपिन्समध्ये त्याच्या नकला निघू लागल्या. कारण उघड आहे. कयामत दाखवायला पैसा लागतो. कयामतीनंतरचे जग दाखवायला दगडाची एक खाण, पत्रे ठोकलेल्या चार जुन्या गाड्या आणि भरपूर धूळ पुरते. (आमच्या भाषेत कयामत म्हणजे हिशेबाचा दिवस. या चित्रपटांत हिशेब कोणी मागत नाही. बॉम्ब कोणी टाकला, हेसुद्धा विचारले जात नाही.)

या गरिबीची मी चेष्टा करणार नाही. सायकलवर कॅमेरा बसवून सिनेमा काढणारे मालेगाव आपण ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात पाहिलेच आहे. आणि हाती पैसा नसला तरी विचार असू शकतो. एन्झो कास्तेलारीच्या ‘द न्यू बार्बेरियन्स’मध्ये (१९८३) टोळीचा म्होरक्या जगाच्या नाशाचे खापर पुस्तकांवरच फोडतो. शिक्षकी पेशामुळे असेल, पण त्या दृश्याने मला अस्वस्थ केले. ही कथा घडते २०१९ सालात. ते साल येऊन गेले. पुस्तके दूर करायला टोळीची गरज पडली नाही, आमच्या मुलांनी ती आपण होऊनच बाजूला ठेवली.

पण मुद्दा पाण्याचा आहे. कार्निमेओने मिलरच्या गोष्टीत मोठा बदल एकच केला. पेट्रोल काढले आणि पाणी घातले. फिलिपिन्सच्या सिरिओ सांतियागोने ‘स्ट्रायकर’मध्ये (१९८३) तेच केले. बदल किरकोळ वाटतो, पण गोष्टीचे हाड तिथेच मोडते. पेट्रोल एकट्या माणसाला लागते, दूर निघून जायला. पाणी घराला लागते. गाडी दामटणाऱ्या नायकाला पाणी हवे तरी किती? एक सुरई. म्हातारी, तान्हे मूल, वजू, भांडी, कपडे, हे सारे त्याच्या मागे नाहीच. म्हणून या चित्रपटांत तहान आहे, मारामारी आहे, पण रांग नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते वाचकांना आठवत असेल. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदीही लागली होती. मी तेव्हा नुकतीच शिक्षिका झाले होते. वर्गातल्या मुली उशिरा यायच्या, ओढणीची टोके ओली. हजेरीत खूण करावी की नाही, मला कळत नसे. आमच्या गल्लीत टँकर आला की नंबरावरून शिव्या व्हायच्या, आणि त्याच गर्दीत आजारी शेजारणीची घागर कोणीतरी पुढे सरकवायचे. टंचाई मी अशी पाहिली आहे. तिच्यात खलनायक ओळखू येत नाही. कधी कधी तो आपणच असतो.

कार्निमेओच्या चित्रपटात याची चाहूल आहे, ती टॉमी या मुलामुळे. त्याच्या वस्तीतले पाणी संपत आले आहे. पाणी शोधायला गेलेला बाप परतलेला नाही. पाणी वस्तीसाठी न्यायचे आहे, हे भान टॉमीला आहे, नायकाला नाही. दोघे एका गाडीत बसतात तेव्हा दोन निराळे चित्रपट शेजारी शेजारी बसल्यासारखे वाटते. दिग्दर्शकाला मात्र यांतला गाडीचाच जास्त आवडतो. ‘स्ट्रायकर’मध्ये तर झरा राखणाऱ्या बायकाच आहेत! पाण्याचे ओझे जगभर बायकांच्या डोक्यावर, तेव्हा ही कल्पना किती दूर नेता आली असती. पण कॅमेऱ्याला त्यांचे अंग दिसते, पाणी नाही.

आणि शेवट? दोन्ही चित्रपटांत पाऊस पडतो. लहानपणी आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता ती पळवाट वाटते. पाऊस पडला की कोणाला किती, आधी कोणाला, मोजणार कोण, हे काहीच ठरवावे लागत नाही. चित्रपटाला जिथे खरी सुरुवात करायची होती, तिथे आभाळ मदतीला येते आणि नावे झळकू लागतात.

त्या वर्षी पाऊस आल्यावरही आमच्या गल्लीत कितीतरी दिवस टँकर येत होता. घागरींचा नंबर आधी लागला होता तोच होता.