आईनंतरचं माहेर

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीला राजगडाकडचा फाटा फुटतो. माझी थोरली काकू या गावात सतराव्या वर्षी सून म्हणून आली आणि दुसऱ्याच वर्षी तिची आई गेली. तेरावं उरकून भावानं तिला सासरी पोचवलं. दुसऱ्या पहाटे ती जात्यावर बसली. हे तिनं कधी गोष्ट म्हणून सांगितलं नाही. विचारलं की ओवी म्हणायची.

दुःखातून उभी राहणारी तरुणी मराठी समीक्षेला भेटते ती मुख्यतः आत्मचरित्रांत. पार्वतीबाई आठवल्यांच्या ‘माझी कहाणी’त (१९२८) वैधव्य, शिक्षण, कर्व्यांच्या आश्रमाचं काम, वर्गणीसाठी अमेरिकेचा प्रवास अशा पायऱ्या स्पष्ट दिसतात. काकूला अशा पायऱ्या नव्हत्या. घर तेच, दळणही तेच. म्हणून तिच्या ओवीला आपण ‘विलाप’ म्हणतो आणि पुढे सरकतो. हे वाचन मला अपुरं वाटतं.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर आहे. गायिका, गाव आणि विषय यांनुसार त्या लावल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात वर्गीकरणाला पर्याय नव्हता, हे मान्यच. पण आई एका विषयाखाली, भाऊ दुसऱ्या, भावजय तिसऱ्या, असं झालं की वाचकाला आईची ओवी नुसतं रडणं वाटते आणि भावजयीची नुसता हेवा. जात्यावर त्या एकामागून एक येतात.

लहानपणी मी काकूला ऐकलं तेव्हा क्रम दरवेळी सारखा नसे. भाऊ कधी आधी, कधी नंतर. पण आईच्या आधी भावजय कधी आली नाही. आई होती तोवर माहेर मागावं लागत नव्हतं. ती गेल्यावर पंचमीला मुराळी धाडायचा की नाही, चोळी कुठली घ्यायची, हे भावजयीच्या मनावर. तिला टोचून बोलणारी ओवी म्हणजे माझ्या मते हक्काची पहिली मागणी आहे. जिच्याशी संबंध संपलाय तिच्याशी कुणी भांडत नाही. पुढे भाच्याची ओवी येते, तिथे सूर निवळतो. उंबऱ्यावर ओळखणारं नवं माणूस तयार झालेलं असतं.

या वाचनाला एक अडचण आहे: ओवी सगळ्यांची असते, काकूचं दुःख तिच्या एकटीचं. ठरलेल्या शब्दांत स्वतःचं किती मावतं? माझं उत्तर, निवडीत मावतं. शेकडो ओव्या पाठ असताना त्या पहाटे कुठली आधी घ्यायची, हे तिचं तिनंच ठरवलं.

जातं आता पडवीत कडेला आहे. मागच्या वर्षी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायला बसलो, तर काकूनं थेट भावजयीपासून सुरुवात केली.

“काकू, आईची राहिली.”

“ती कशाला आता?” म्हणाली, आणि पुढची घेतली.